शुगरमुळे नसा खराब होतात तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतचे लोक पुन्हापुन्हा विचारतात. काही वऱ्हाडीत आले, ते तसेच ठेवले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो, आणि अर्धा घोटाळा तिथेच होतो. इथे नस म्हणजे मज्जातंतू, पायाची खबर मेंदूपर्यंत नेणारी तार. ज्याच्या पायाला आज जखम आहे त्याने बाकी सगळे सोडून थेट प्रश्न ८ वाचावा.

१. शुगरनं नसा खराब होतात म्हणजे नेमकं काय होतं?

रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की मज्जातंतूंना दोन बाजूंनी मार बसतो. तंतूंच्या आत साखरेपासून तयार होणारे नको ते पदार्थ साचतात, आणि तंतूंना रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक वाहिन्या जाड होऊन बंद पडत जातात. तंतू जितका लांब तितका तो लवकर सापडतो. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू सगळ्यांत लांब, म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांपासून होते. कालव्याच्या टेलवरच्या शेताचे पाणी आधी तुटते, तसेच हे. त्रास दोन्ही पायांत साधारण सारखा असतो आणि मोजा चढवावा तसा हळूहळू वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत हाताची बोटेही बधिर व्हायला लागलेली असतात.

२. माह्या पायाची रात्रीच आग काहून होते? दिवसा तं काही नसते.

दिवसा कामात लक्ष असते, चालणे-फिरणे असते. रात्री अंथरुणावर पडले की बिघडलेल्या तंतूंच्या खोट्या खबरा तेवढ्या ऐकू येतात. आग, मुंग्या, सुया टोचणे, मधूनच करंट लागल्यासारखे होणे, चादरीचा स्पर्शही नकोसा वाटणे, ही सगळी एकाच आजाराची रूपे. कापसावर चालल्यासारखे वाटते, असे आपल्याकडचे लोक न विचारता सांगतात, आणि ते वर्णन अगदी नेमके आहे.

आग जितकी जास्त तितके नुकसान जास्त, असे मात्र नाही. तीन वर्षे जळणारे पाय औषध न घेता एक दिवस शांत झाले, तर पेढे वाटू नका. खबर देणारा तंतूच मेला असेल. असा पाय आधी तपासून घ्या (प्रश्न ३ आणि ४).

३. मला आग नाही, मुंग्या नाहीत. म्हणजे माझ्या नसा चांगल्याच ना?

तसे म्हणता येत नाही. नसा बिघडलेल्यांपैकी निम्म्यांपर्यंत लोकांना काहीच जाणवत नाही. खरी भीती याच लोकांची. दुखणारा पाय स्वतःच माणसाला दवाखान्यात घेऊन येतो. न दुखणारा पाय येतो तेव्हा त्यातून वास येत असतो.

एक खूण घरच्या घरी कळते. चालताना चप्पल पायातून निसटते आणि चार पावले पुढे गेल्यावर, तेही दुसऱ्याने सांगितल्यावर लक्षात येते. असे एकदा जरी झाले असेल तरी तपासणी करा. अंगणात विसरलेली चप्पल आणि पायातून निसटलेली चप्पल यातला फरक घरच्यांनाच ठाऊक असतो, म्हणून हा प्रश्न त्यांनाही विचारा.

४. तपासणी कोणती करायची? मोठ्या शहरात जावं लागते का?

नाही. डॉक्टर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा जाड धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवतात, आणि १२८ हर्ट्झचा कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतात. धागा लागला का, कंप जाणवला का, एवढेच तुम्ही डोळे मिटून सांगायचे. पाच मिनिटांचे काम. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाले त्या दिवशीच, टाइप १ असेल तर पाच वर्षांनी, आणि पुढे दरवर्षी ही तपासणी व्हायला हवी. डॉक्टर विसरले तर चप्पल काढून पाय पुढे करा. त्याचा राग येणारा डॉक्टर बदलावा, हे माझे मत.

घरीही एक सोपी चाचणी होते. तुम्ही डोळे मिटा. दुसऱ्याने तर्जनीचे टोक दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद हलके टेकवावे. दाबायचे नाही, टोचायचे नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय धोक्यात समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

एनसीव्ही नावाची, तंतूतून खबर किती वेगाने जाते ते मोजणारी महागडी तपासणी सगळ्यांना लागत नाही. सुरुवातीला बारीक तंतू बिघडलेले असतात आणि ते तिच्यात दिसत नाहीत, त्यामुळे पाय जळत असताना रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. प्रश्न १४ मधल्यासारखे काही वेगळे दिसत असेल तर ती उपयोगाची.

५. गावातले डॉक्टर नसांसाठी लाल इंजेक्शन देतात. घ्यावं का?

लाल इंजेक्शन म्हणजे बहुतेक वेळा जीवनसत्त्व बी-१२. ते शरीरात कमी असेल तर अमृत आहे, कमी नसेल तर खर्च.

कमी असण्याची शक्यता मात्र खरीच आहे. शुगरची सगळ्यांत जास्त दिली जाणारी गोळी मेटफॉर्मिन. ती वर्षानुवर्षे घेतली की बी-१२ घटू शकते. त्यात माणूस माळकरी, मांस-अंडी वर्ज्य, दूधही चहापुरतेच, मग घट अजून वाढते. बी-१२ ची कमतरता स्वतःच पाय बधिर करते आणि तो बधिरपणा शुगरच्या बधिरपणासारखाच दिसतो. म्हणून रक्तातले बी-१२ एकदा मोजा. कमी निघाले तर इंजेक्शन किंवा गोळ्या पूर्ण घ्या. नसांच्या ज्या थोड्या त्रासांवर खरा इलाज आहे त्यातला हा एक. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नका.

ताकदीच्या गोळ्यांत बी-६ ही असते. ती मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतली तर तिनेच नसा बिघडतात. आणि अशक्तपणा आला म्हणून लावून घेतलेल्या सलाईनच्या बाटलीवर ‘डेक्स्ट्रोज’ लिहिले असेल तर ती साखर आहे.

६. हा आजार पूर्ण बरा होतो का?

मेलेला तंतू परत जिवंत करणारे औषध आज नाही. कोणी ४० दिवसांचा कोर्स सांगत असेल तर त्या पैशात चांगली चप्पल येते.

बिघाड थोपवता मात्र येतो. टाइप १ च्या रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात झालेला एक मोठा अभ्यास १९९३ साली पूर्ण झाला. त्यात साखर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये नसांचा त्रास सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. टाइप २ मध्ये नुसती साखर आवरून एवढा फायदा दिसत नाही. वजन, बीपी आणि रक्तातली चरबी यांनाही आवर घालावा लागतो. आणि खर्रा. खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर होतो हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातली तंबाखू पायाच्या रक्तवाहिन्याही आवळते, आणि बधिर पायाला रक्तही कमी मिळाले की जखम भरत नाही. मोहाची असो की दुकानातली, दारू मज्जातंतूंना थेट मारते.

७. आग कमी व्हायला गोळ्या कोणत्या? त्यांची सवय लागते का?

साधी दुखण्याची गोळी इथे चालत नाही आणि रोज घेतली तर किडनीवर येते. या आगीसाठी प्रीगॅबलिन, गॅबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन ही औषधे आहेत. त्यातले कोणते आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचे. सुरुवात कमी मात्रेने, बहुधा रात्री. फायदा कळायला दोन-चार आठवडे लागतात. त्रास निम्म्यावर आला तर गोळी लागू पडली समजा. आग पूर्ण जाईल अशी आशा धरली की माणूस आठव्या दिवशी डॉक्टर बदलतो.

प्रीगॅबलिन आणि गॅबापेंटिनने गुंगी येते, चक्कर येते, पायावर सूज येऊ शकते. आपल्याकडे शेतीची वीज अनेकदा रात्री असते आणि ओलिताला अंधारात बांधावरून, विहिरीजवळून जावे लागते. तसे जात असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. म्हाताऱ्या माणसाला लघवी अडकत असेल, काचबिंदू असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर अमिट्रिप्टिलिन जपून. यातली कोणतीही गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची. या गोळ्यांवर दारू नको. आणि त्यांनी आग कमी होते, नस सुधारत नाही. आग थांबली म्हणून पाय पाहणे सोडू नका.

८. बाबांच्या पायाले खिळा रुतला, त्याईले समजलंच नाही. आता काय करू?

आजच दवाखान्यात न्या. बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. तोवर स्वच्छ पाण्याने जखम धुवा, स्वच्छ कोरड्या कापडाने झाका, आणि त्या पायावर वजन टाकू देऊ नका. शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत महत्त्वाची. दुखत नसल्यामुळे माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि प्रत्येक पावलाला जखम आत ठेचली जाते. कितीही भारी मलम लावले तरी चालता पाय भरत नाही.

हळद, चुना, राख, माती, डिझेल, यातले काही लावू नका. खिळा चपलेतून आत शिरला असेल तर चप्पलही सोबत न्या, आत तुटलेला तुकडा राहिला का ते कळते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. काळी पडलेली कातडी, वास, पू, वर चढणारी लाली, ताप, थंडी वाजणे, किंवा एकाएकी वाढलेली शुगर यातले काही असेल तर रात्र थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

९. पायाला बिब्बा लावला तर चालते का? आमच्या घरी लावतात.

नाही. या यादीत एवढे सरळ उत्तर दुसऱ्या कशाचे नाही. काटा मोडला, टाच फुटली, पाय दुखला की बिब्बा तापवून त्याचे तेल टेकवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते. चांगल्या पायाचा माणूस ‘हाय’ म्हणून हात मागे घेतो; बधिर पायाला कळत नाही आणि लावणारा अजून लावतो. रुईचा चीक, डाग देणे, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवणे, गरम विटेने शेकणे आणि हिवाळ्यात शेकोटीजवळ पाय लांब करणे, हे सगळे त्याच जातीचे. पाणी गरम किती ते पायाने पाहू नका. कोपर बुडवून पाहा, नाहीतर घरातल्या दुसऱ्याला पाहू द्या. भोवरीवर (कुरुपावर) बाजारातले कॉर्नचे पट्टेही लावू नका, त्यातही कातडी जाळणारे औषध असते.

१०. रोज पायाची काळजी म्हणजे काय काय करायचं?

संध्याकाळी पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, आणि उजेडात पाहा: तळवा, टाच, बेचक्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. फोड, भेग, लाली, रुतलेले काही, नखाचा कोपरा, हे शोधायचे. नसा बिघडल्या की पायाला घाम येत नाही, म्हणून टाचा कोरड्या पडून फुटतात. टाचेला खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा, बेचक्यांत नको, तिथे ओल राहून चिखल्या होतात. नखे सरळ कापा, कोपरे कोरू नका. भोवरी ब्लेडने खरडू नका. बायांनी जोडवी पाहावीत: पाय सुजला की जोडवे आत रुतते आणि खाली जखम झाकली जाते.

रात्री उंदीर बधिर बोटे कुरतडतात. ऐकायला किळसवाणे, पण खरे आहे. घरात धान्याची पोती असतील तर खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपा.

११. शेतात कोणतं पायताण घालायचं?

अंगठ्याची रबरी चप्पल सोडून दुसरे काहीही, असे म्हणावेसे वाटते. ती बेचकीत घासते, निसटते, आणि पऱ्हाटीचे धसकट किंवा बाभळीचा काटा तिच्यातून आरपार येतो. मागे पट्टा असलेली, पुढून रुंद, आत मऊ आणि खाली कडक तळ असलेली सँडल हवी. आतला मऊ थर एमसीआर नावाच्या, बारीक छिद्रांच्या रबराचा मिळतो. कुष्ठरोगाच्या पायांसाठी वापरात आलेले हे रबर आता शुगरच्या पायांनाही तेवढेच लागते. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. नवी सँडल पहिले काही दिवस तासभरच वापरा आणि काढल्यावर पाय पाहा. घालण्याआधी दरवेळी हात घालून झटका, खडा निघेल नाहीतर विंचू.

भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत दिवसभर अनवाणी पाय भिजतो. तिथे सँडल चिखलात राहते. गुडघ्यापर्यंतचे बूट सुती मोजे घालून वापरा, जेवणाच्या सुट्टीत काढून पाय पुसा, मोजे बदला. पाय आधीच बधिर असेल तर यंदा बांधावरचे काम घ्या. घरात भांडण होईल, होऊ द्या.

१२. नवरात्रात अनवाणी राहायचा नवस आहे. शेगावलाही पायी जायचं आहे.

देव पायताण मोजत नाही, असे म्हणून मोकळे होता येते, पण नवस बोललेल्या बाईला ते पटत नाही. म्हणून व्यवहाराचे सांगतो. पाय बधिर असेल तर अनवाणीचा नवस दुसऱ्या कशात बदलून घ्या. घरातले मोठे माणूस किंवा पुजारी हे सांगू शकतात आणि बहुतेक सांगतात. पायी वारीत सँडल आणि मोजे घाला, दर दोन तासांनी पाय पाहा, फोड आला की पुढचा प्रवास गाडीने. देवळात सकाळी लवकर जा आणि जाड मोजे घाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा दुपारच्या फरशीवर एक प्रदक्षिणा म्हणजे तळव्याला फोड. बधिर माणसाला तो घरी आल्यावर दिसतो.

१३. पाय बधिर झाला म्हणजे महारोग तर नाही?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, आणि आपल्या भागात तो विचारायलाच हवा, कारण चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुष्ठरोग अजून आहे. शुगरचा बधिरपणा दोन्ही पायांत सारखा, बोटांपासून वर. कुष्ठरोगात अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असतो आणि बधिरपणा त्या चट्ट्यात. कोपराच्या आतली नस जाड लागते. एखाद्याच हाताची करंगळी वाकते, डोळ्याची पापणी मिटत नाही. दोन्ही आजार एकाच माणसाला होऊ शकतात. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, ६ किंवा १२ महिन्यांत कोर्स संपतो.

कुष्ठरोगात बोटे झडतात हा समज वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी खोडून काढला. मांस आपोआप सडत नाही. न कळलेल्या इजा होत राहतात आणि त्यातून बोट जाते, हे त्यांनी दाखवले. शुगरच्या पायाचे गणित तेच. दत्तपूर आणि वरोऱ्याजवळचे आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहती ज्या मुलखात उभ्या राहिल्या, तिथल्या लोकांना बधिर पाय जपण्याची विद्या नवी नाही.

१४. फक्त एकाच पायात त्रास आहे. हेही शुगरचंच का?

एकाच बाजूला, एकाएकी, किंवा पायात ताकदच नाही असे असेल तर सगळे शुगरवर ढकलू नका. कमरेत दबलेली नस, दारू, थायरॉइड, किडनी, काही औषधे हीही कारणे असतात. फवारणीच्या काही विषांनीही मज्जातंतूंवर परिणाम होतो. कोणते औषध फवारले त्याची बाटली डॉक्टरांना दाखवा. शुगरमुळे एका मांडीत जबर दुखून मांडी बारीक होणे, किंवा एक पापणी पडून दोन-दोन दिसणे असेही होते. पण डोळ्याचे आणि अचानक आलेल्या अशक्तपणाचे निदान घरी करायचे नसते.

१५. पाय सुजून लाल अन् गरम झाला, पण दुखत नाही. मुरगळला असेल का?

बधिर पायाची लाल, गरम, न दुखणारी सूज दिसली की चालणे त्याच क्षणी बंद. आतली हाडे मऊ होऊन मोडत असू शकतात. याला शार्को पाय म्हणतात. उलट्या हाताने दोन्ही पाय चाचपा, एक स्पष्ट गरम लागेल. पहिला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवून चालू नका. इलाज म्हणजे प्लास्टर आणि काही महिने पायावर वजन नाही. हाडवैद्याकडे चोळून घेतले तर तळव्याची कमान कायमची खाली बसते.

१६. सिकलसेल असताना तीन महिन्यांची शुगर बरोबर येते का?

विदर्भात हे विचारलेच पाहिजे. एचबीए१सी ही चाचणी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात या हिशेबावर चालते. सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजारात पेशी फार लवकर फुटतात, म्हणून आकडा खोटा कमी येतो. रिपोर्ट ६ दाखवतो आणि नसा मात्र जळत राहतात. अशा रुग्णाने उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर पाहावी, किंवा लाल पेशींवर अवलंबून नसलेल्या फ्रुक्टोसामाइन चाचणीबद्दल विचारावे. फक्त वाहक असाल तर आकडा मशीनच्या पद्धतीवर अवलंबून. लॅबला आधी सांगा. लोहाची कमतरता असलेल्या बायांत उलटे होते, आकडा खोटा जास्त येऊ शकतो.

१७. शुगर कंट्रोलमध्ये आली आणि आग वाढली. असं उलटं कसं?

होते असे. फार वाढलेली शुगर औषधाने झपाट्याने उतरली, म्हणजे एचबीए१सी तीन महिन्यांत दोन टक्क्यांहून जास्त घसरले, तर काहींची आग काही महिने भडकते. बहुतेकांची पुढे हळूहळू कमी होते. म्हणून इन्सुलिन सोडू नका; डॉक्टरांशी बोला (गोळ्यांसाठी प्रश्न ७).

१८. उठलं की अंधारी येते, थोडं खाल्लं तरी पोट भरते. याचाही नसांशी संबंध आहे का?

आहे. बीपी, पोट, लघवी, घाम सांभाळणारे तंतूही बिघडतात. उठल्यावर बीपी पडत असेल तर खाटेच्या काठावर दोन मिनिटे बसून मग उभे राहा, आणि डॉक्टरांकडून बीपी झोपून व उभे राहून असे दोनदा मोजून घ्या. घामच नीट येत नसल्याने उष्माघाताचा धोका जास्त, म्हणून मे महिन्यात दुपारचे काम टाळा. शुगर कमी झाल्याची थरथर जाणवेनाशी होऊ शकते. इन्सुलिनवाल्याने उपाशीपोटी कापूस वेचायला जाऊ नये, खिशात गूळ ठेवावा. छातीत न दुखता नुसती धाप, घाम, मळमळ आली तरी हार्टअटॅक असू शकतो.

पुरुषांचा एक प्रश्न नेहमी बिननावाच्या चिठ्ठीत येतो. हो, ताठरता न येणे हेही याच आजाराचे असते आणि त्याला औषध आहे. पण छातीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी घेत असाल तर मेडिकलमधून स्वतःहून ते औषध आणू नका, बीपी जीवघेणे कोसळू शकते.

१९. माय गावाला एकटी राहते. तिले दिसत नाही, वाकता येत नाही. पाय कोण पाहील?

आशाताईंना सांगून ठेवा, त्यांच्याकडे गावातल्या शुगरवाल्यांची यादी असते. शेजारच्या बाईला आठवड्यातून दोनदा पाहायला सांगा आणि फोनवर फोटो मागवा, तळव्याचा आणि बेचक्यांचा. एरवी मायला घरात पांढरे सुती मोजे घालायला द्या, शिवण बाहेरच्या बाजूने आणि वरचे इलॅस्टिक सैल. पांढऱ्यावर रक्ताचा किंवा पुवाचा डाग लपत नाही, आणि तो दिसला की मोजा धुवायला टाकण्याआधी कोणीतरी पाय पाहायचा.